वाख, रोटर आणि उजव्या टोकाचे बेअरिंग

ट्रॅक्टरला जोडून बांधावरची झुडपे छाटणाऱ्या आमच्या यंत्रात, फिरत्या पात्यांच्या रोटरच्या दांड्याभोवती तंतू गुंडाळला जाऊ नये म्हणून मागील नोंदीत ज्या स्थिर बुशाचे (न फिरणाऱ्या नळीचे) रेखाचित्र दिले होते, तो बसवल्यानंतरही रोटरच्या उजव्या टोकाच्या यूसीएफ 209 बेअरिंगचे रबरी सील पुन्हा फाटले आहे. बाजूची प्लेट उघडली तेव्हा सीलच्या जागी ग्रीसमध्ये भिजून घट्ट झालेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या पानांतील तंतूंचा, वेढा निघाला. तो कोयत्याने सुटेना, शेवटी हॅकसॉच्या पात्याने कापून काढावा लागला. डाव्या टोकाला मात्र गुंत्याचा मागमूसही नाही. यंत्राच्या बाकीच्या प्रगतीविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ असले, तरी ही नोंद बहुतेक त्या वेढ्याविषयीच आहे.

मोहोळकडचा तो जुना बांध आपणांस आठवत असेल. वरच्या अंगाला मेंदी आणि तरवड, मध्ये चिल्हार, अधूनमधून वेडी बाभूळ आणि पायथ्याला ओळीने लावलेला घायपात. मेंदी, तरवड आणि अंगठ्याएवढी जाड बाभूळ यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्रास घायपाताचाच आहे, आणि छाटणीच्या वेळी रोटरचे उजवे टोक त्याच्यातच घुसत असल्यामुळे गुंता त्याच बाजूला होतो, इतके तरी आता निश्चित झाले आहे.

स्थिर बुशामागचा विचार सरळ होता. फिरणाऱ्या दांड्याला तंतू स्पर्शच करू शकला नाही, तर तो गुंडाळला जाणार नाही. म्हणून 45 मिमीच्या उघड्या दांड्याभोवती न फिरणारी नळी दोन अर्ध्या भागांत बोल्ट केली आणि रोटरच्या टोकाच्या चकतीला 12 मिमीचा काठ देऊन तो नळीवर आणला. गवत, गुळवेल आणि खताच्या पोत्यांची सुतळी यांना हा बंदोबस्त पुरला. वाख मात्र प्रथम चकतीच्या काठावर बसला, तेथे त्याचा थर वाढत गेला आणि मग मधल्या 3 मिमीच्या फटीतून एकेक तंतू आत ओढला गेला. दांड्याचा परीघ सुमारे 14 सेंमी आहे; मीटरभर लांबीचा तंतू त्यावर सात वेढे घेतो. 114 मिमीच्या मुख्य नळीवरसुद्धा तो जवळपास तीन वेढे घेतो, त्यामुळे दांडा जाड करण्याची जी सूचना अनेकांनी केली होती, ती या तंतूपुढे लागू पडत नाही.

येथपर्यंत मी फट 3 मिमीवरून 1 मिमीवर आणण्याच्या तयारीत होतो. त्यासाठी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांचे सुटे भाग बनवणाऱ्या टर्नरांकडे चकती घेऊन गेलो, सोबत तो कापलेला वेढाही नेला. दांड्याच्या टोकाला सूत गुंडाळले जाणे हा सोलापुरातील मागवाल्यांचा रोजचाच अनुभव आहे. त्यांनी चकतीकडे पाहिलेच नाही. वेढ्यातील तंतू उलगडून ते एवढेच म्हणाले, "साहेब, हा माल कापलेला नाही, सोललेला आहे."

ते खरे होते. तंतू स्वच्छ, अखंड आणि गर पूर्ण निघालेले होते. घायपाताचा वाख काढणारे रास्पाडोर यंत्र नेमके हेच करते: बोथट पट्ट्यांचे फिरते चाक पानाला ठोकून गर खरवडून काढते आणि तंतू शाबूत ठेवते. आमच्या रोटरवरील पात्यांची कडा झिजून गोल झाली होती. बाभळीची काडी तशा पात्यानेही मोडते, कारण लाकूड ठिसूळ असते. पण घायपाताचा तंतू वाकतो, दबतो आणि तुटत नाही.

मग घरी येऊन हिशेब मांडला. ट्रॅक्टरचा पीटीओ (यंत्राला गती देणारा मागचा दांडा) मिनिटाला 540 फेऱ्यांवर असताना रोटर मिनिटाला सुमारे 2400 फेरे घेतो आणि रोटरच्या लांबीतील प्रत्येक पट्ट्यात समोरासमोर दोन पाती आहेत, म्हणजे सेकंदाला 80 घाव. ट्रॅक्टर ताशी 2 किमी वेगाने चालत असेल, तर दोन घावांमध्ये तो जेमतेम 7 मिमी पुढे सरकतो. चालीच्या दिशेने पडलेल्या पानाचे तुकडे त्या हिशेबाने बोटाच्या पेरापेक्षाही लहान व्हायला हवेत. तेथून मीटरभर तंतू बाहेर पडत असतील, तर घाव बसतात पण कापत नाहीत, हाच त्याचा अर्थ. तुकडे 14 सेंमीपेक्षा आखूड झाले की दांड्यावर एकही पूर्ण वेढा बसू शकत नाही, मग फट 3 मिमी असली काय आणि 1 मिमी असली काय.

म्हणून चकतीचे काम थांबवून सगळी पाती उतरवली. धार लावताना ग्राइंडरच्या दगडी चाकाऐवजी फ्लॅप डिस्क (पॉलिश कागदाच्या पाकळ्यांची चकती) वापरली. दगडाने पाते झटकन तापते, कडा निळी पडली की पाणी उतरते आणि ती धार दोन बांधही टिकत नाही. कडा वस्तऱ्यासारखी पातळ न करता साधारण 1 मिमी जाड ठेवली आहे, कारण बांधावर दगड असणारच. त्यानंतर प्रत्येक पाते डिजिटल काट्यावर तोलून समोरासमोरच्या जोड्या जुळवल्या. हा उद्योग कंटाळवाणा असला तरी टाळू नये: पात्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून 18 सेंमीवर धरला, तर 2400 फेऱ्यांना 20 ग्रॅमच्या फरकाने बेअरिंगवर सुमारे 23 किलोचा असमतोल ओढा पडतो, तोही सेकंदाला 40 वेळा दिशा फिरवत. पाती आपल्या पिनेवर मोकळी झुलतात की नाही तेही पाहिले. घायपाताचा रस वाळून दोन पाती जागीच आखडली होती. हा रस अंगाला लागला की भयंकर खाज सुटते, तेव्हा हे काम हातमोजे घालूनच करावे.

जुळणी झाल्यावर पीटीओ जोडला आणि पूर्ण वेगावर ट्रॅक्टरचा बाजूचा आरसा प्रथमच स्थिर राहिला. मागच्या रस्त्यावरून येणाऱ्या एसटीची पाटी मी त्यात वाचली. त्या आनंदात बांधाची एक बाजू पूर्ण केली. मेंदीच्या फांद्यांचे टोक चिरफाळलेले नाही, सरळ तुटलेले आहे. घायपाताचा हिरवा चोथा झाकणाला चिकटला, पण त्यात बोटभर लांबीच्या वर तंतू क्वचितच सापडला. यंत्र बंद करून, किल्ली खिशात ठेवून आणि रोटर पूर्ण थांबल्यावर उजवे टोक तपासले तेव्हा चकतीच्या काठावर थोडा वाख होता, फटीत नव्हता.

पात्यांच्या खरेदीविषयीही लिहितो. स्थानिक बाजारातील स्वस्त पाती साध्या पोलादाची असतात आणि वजनात एकमेकांशी जुळत नाहीत. बोरॉन पोलादाची पाती महाग पडतात, परंतु धार लक्षणीयरीत्या अधिक टिकते. पाती धरणारे नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सैल न होणारे) मात्र प्रत्येक वेळी नवेच वापरावेत. तेथे काटकसर नको.

झाकणाच्या आतील काउंटर पट्टी (पात्यांसमोरची स्थिर पट्टी) रोटरजवळ आणण्याचा माझा बेत होता, त्याकडे आता वेगळ्या नजरेने पाहतो. बोथट पात्यांसमोर ती जवळ आणली असती, तर रास्पाडोरच अधिक चांगला तयार झाला असता. धारदार पात्यांसमोर तीच पट्टी कात्रीच्या दुसऱ्या पात्याचे काम करील, असे वाटते. तरीही पाती पूर्ण बाहेर फेकलेल्या स्थितीत पट्टीला लागणार नाहीत, हे रोटर हाताने फिरवून तपासल्याशिवाय ती हलवणार नाही.

हे लिहीत असतानाच आणखी एक सुचले. चकतीच्या काठावर जो थोडा वाख बसतो, त्याच्यासाठी काठापासून 2 मिमीवर एक छोटी स्थिर सुरी बाजूच्या प्लेटला बोल्ट करता येईल, म्हणजे थर जमू लागताच तो तिच्यावर घासून तुटेल. जुन्या हॅकसॉ पात्याचा तुकडा पुरेसा होईल की रोटाव्हेटरच्या मोडक्या पात्यातून जाड तुकडा काढावा, हे ठरवायचे आहे. डाळिंबाच्या बागेकडच्या बांधात पुरलेल्या जुन्या 16 मिमीच्या ठिबक नळ्यांवर मात्र कोणतीही सुरी चालणार नाही. त्या हाताने वेचूनच ट्रॅक्टर तिकडे नेणार आहे.