शिसं आलं कुठून?

फ्रान्समधल्या मोंपेलियेच्या प्रयोगशाळेत एकदा मी दुपारभर फार मोठा शास्त्रज्ञ होतो.

इथून उत्तरेला, सेवेन डोंगरांत, सें-लोराँ-ल-मिनिए नावाचं गाव आहे. नावातच खाण. तिथली जस्त-शिशाची खाण १९९१मध्ये बंद झाली. जस्त, शिसं, कॅडमियम मातीत राहिलं. त्या मातीत ‘नोकिया केरुलेसेन्स’ मजेत वाढते. (आईला अजून वाटतं मी मोबाइलवर काम करतो.) मोहरीच्या कुळातलं हे रोप, पण पानं जमिनीलगत पसरलेली, मुळ्याच्या कोवळ्या रोपासारखी. साध्या झाडाच्या किलोभर सुक्या पाल्यात जस्त जेमतेम शंभर मिलिग्रॅम. हिच्यात दहा ग्रॅम सहज सापडतं. हा पाला भट्टीत जाळायचा, राख आम्लात विरघळवायची, की जस्ताचा उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ, तयार. खाणीतलं जस्त पुन्हा उकरायला नको.

त्या दिवशी राखेचे आकडे आले. जस्त ठीक, पण शिसं भरमसाट! शिसं सहसा मुळांमध्येच अडकतं, पानापर्यंत फारसं चढत नाही. मी मनातल्या मनात शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं.

आमच्या तंत्रज्ञ बाईंनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, “पानं धुतली होतीस?”

धुतली होती. म्हणजे, नळाखाली धरली होती.

उरलेला पाला त्यांनी बादलीत बुडवायला लावला. एकेक पान वेगळं करून, देठाच्या बेचक्यात बोट फिरवून. पालेभाजी निवडताना आई करते तसंच. पाच पाण्यांनंतर बादलीच्या तळाशी राखाडी गाळ बसला, बोटांत चोळला तर करकरीत. पावसाच्या थेंबांनी उडालेली खाणीची माती होती ती. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजणी. जस्त जवळपास तेवढंच, शिसं मात्र पार खाली.

म्हणजे जस्त पानात होतं, शिसं पानावर. आणि ते गावच्या मातीतून या झाडाने निघणारही नव्हतं. तेव्हा ‘झाडं लावली की जमीन स्वच्छ’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, कशापासून?

शीर्षक खोडलं. बादली सिंकमध्ये उपडी करणार तोच बाई मागून ओरडल्या. शिसं होतं ना त्यात. ते पाचही पाण्यांचं गढूळ मी धोकादायक कचऱ्याच्या पिंपात ओतलं आणि चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिलं.