झोपाळ्याचे हुक आणि स्लॅबमधली सळई : माझा अनुभव

झोपाळा आला, कड्या आल्या, सोसायटीची परवानगीही विनातक्रार मिळाली. अडलं ते स्लॅबमध्ये.

आमची इमारत मिव्हानची. भिंती आणि स्लॅब ॲल्युमिनियमच्या साच्यात एकत्र ओतलेले, सगळं आरसीसी. इथे साधं ड्रिल मशीन नुसतं तापतं, ठोके देत फिरणारा रोटरी हॅमरच लागतो. दुकानाने पाठवलेल्या कारागिराकडे तो होता. पहिलं भोक जेमतेम इंचभर गेलं आणि आवाज टणटणीत झाला, करडी पूड पडायची थांबली. सळई लागली होती.

"मॅडम, दुसरी बिट लावतो, कापून जाईल." मी मशीन बंद करायला लावलं. "एका सळईने काय होतंय? सगळीकडे असंच करतो." हेच मग दुकानाच्या मालकाने फोनवर ऐकवलं, ओळखीच्या इंटेरिअरवाल्यानेही ऐकवलं. अजून आठवलं की संताप होतो. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण नाही. स्लॅब वाकू पाहतो तेव्हा मधल्या भागात ताण येतो तो खालच्या अंगाला, आणि तो पेलतात त्या याच सळया. तीच कापायची आणि तिथेच हलतं वजन टांगायचं? झोका घेताना हुकावर येणारा भार बसलेल्या माणसांच्या वजनापेक्षा जास्त असतो!

सळया कुठे आहेत हे कळायला ड्रॉइंग हवं. बिल्डरचं ऑफिस म्हणे, सोसायटीला दिलंय. सोसायटी म्हणे, मिळालंच नाही. रेरा कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कागदपत्रं आणि नकाशे रहिवाशांच्या संस्थेला सोपवणं बिल्डरचं काम आहे, हे लेखी लिहून दिलं तरी "साहेब साइटवर आहेत" यापलीकडे उत्तर नाही. झोपाळा भिंतीला टेकून धूळ खात होता.

शेवटी ओळखीतून एक स्ट्रक्चरल इंजिनिअर भेटले. त्यांनी रिबार डिटेक्टर, म्हणजे सळया शोधणारं यंत्र, फिरवून छतावर खडूने रेघा मारल्या, सळयांची जाळी लख्ख दिसू लागली. तासाभराचं काम! हुक जाळीच्या चौकटींच्या मधोमध सरकवले. बिल्डरच्या मागे लागण्याऐवजी आधी हेच करा.

पीव्हीसीचे वायरिंगचे पाइप मात्र साध्या डिटेक्टरला दिसत नाहीत. पंख्याच्या बॉक्सपासून स्विचबोर्डाकडे जाणारी वाट टाळा.

कारागीर केमिकल भरतो म्हणाला होता. केमिकल अँकर, म्हणजे भोकात रासायनिक गोंद भरून त्यात बसवलेला बोल्ट, मुळात वाईट नाही, पण कुठलंही भरून चालत नाही. २००६ साली बोस्टनच्या बोगद्यात छताची काँक्रीटची पॅनेल कोसळून एक बाई गेल्या, कारण अँकरचं इपॉक्सी (हाच तो गोंद) कायमच्या भाराखाली हळूहळू सरकत गेलं होतं. आम्ही काँक्रीटला तडे गेले तरी चालतील असे प्रमाणित केलेले अँकर घेतले. भोक पाडल्यावर ब्रश फिरवून, हवा मारून पूड पूर्ण काढायला लावली. पूड राहिली तर पकड जाते. बिटवर टेप लावून खोलीची खूण केली होती, पाच इंचाच्या स्लॅबमध्ये वरच्यांच्या फरशीपर्यंत जायला नको. सोडून दिलेलं भोक नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकताना न आकसणाऱ्या सिमेंटच्या मिश्रणाने) बुजवलं, आणि नवं त्याला चिकटून पाडलं नाही.

मास्क आणि चष्मा लागतोच, छताची पूड सरळ डोळ्यांत येते.

आणि स्लॅब पोस्ट-टेन्शनचा असेल, तर स्कॅन केल्याशिवाय बिट टेकवूही देऊ नका. त्यातल्या केबल प्रचंड ताणलेल्या असतात.