नोंद ७ : साडेसातचं कोडं आणि भट्टीचं घड्याळ

उलगडा वाचण्याआधी थांबून रहस्यकथेतला खुनी आपणच ओळखायचा आणि उत्तर पाकिटात बंद करायचं, त्या खटाटोपाची ही नोंद. बाविसाव्या प्रकरणात आपला एक नंबरचा संशयितच मेला आणि मागच्या नोंदीतला सगळा डोलारा कोसळला. अशा हलक्याफुलक्या रहस्यकथेत दुसरा खून बहुतेक वेळा मध्याच्या आसपास उरकतात. इथे एकतीसपैकी बाविसाव्या प्रकरणापर्यंत ताणलाय. दाद द्यायला हवी. पुस्तकाचं नाव अजूनही झाकलेलंच, कारण स्पॉयलर.

थांब्याची दुरुस्ती आधी. ई-रीडरवर ८० टक्क्यांना थांबायचं ठरलं होतं, ते चूक. शेवटचे ९ टक्के मातीकामाच्या टिपा आणि पुढच्या भागाचं पहिलं प्रकरण यांनी खाल्लेत. म्हणजे गोष्ट ९१ ला संपते आणि तिचे ८० टक्के ई-रीडरच्या ७३ वर येतात. आता थांबा पंचविसाव्या प्रकरणाच्या तोंडाशी. मागची पानं आधी मोजत जा, नाहीतर उलगडा अंगावर येऊन आदळतो.

आता मुख्य दुखणं. कुंभारकामाच्या कार्यशाळेची मालकीण ७:१० ला जिवंत दिसते, ८:०५ ला ग्लेझच्या (भांड्यांना चकाकी देणाऱ्या लेपाच्या) कोठीत मेलेली सापडते. उरलेल्या चारही संशयितांना ७:३० ची अ‍ॅलिबी (त्या वेळी दुसरीकडे असल्याचा पुरावा) आहे आणि प्रत्येकाला कोणी ना कोणी दुजोरा देतं. वेळापत्रक तीनदा नव्याने मांडलं, फट सापडेना. चूक तक्त्याच्या रचनेत होती. ‘वेळ, जागा, माणूस’ एवढे तीनच रकाने; चौथा हवा होता : ‘कोणाच्या घड्याळाने?’ तो भरायला घेतला आणि दहा मिनिटांत गाठ सुटली. विद्यार्थ्याने साडेसात ऐकले. नवऱ्याने भिंतीपलीकडून ऐकले. पार्सलवाल्याने दारातून ऐकले. सगळ्यांनी ऐकलं ते चौथ्या संशयिताचं, म्हणजे वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेचं एकच वाक्य, “साडेसात झाले, आवरा आता.” साक्षी तीन, घड्याळ एक, आणि तेही शिक्षिकेच्या तोंडात!

मग भिंतीवरचं घड्याळ कोणी का पाहिलं नाही? तिसऱ्या प्रकरणात रंगकामासाठी उतरवलेल्या पाच वस्तूंची यादी आहे, त्यात ते तिसरं. यादीतली मधली वस्तू नेहमी जास्त दाबून वाचा. दोन्ही टोकं लक्षात राहतात, पोट निसटतं.

पण यातून शिक्षिका खोटं बोलली हे सिद्ध होत नाही, खोटं बोलू शकत होती एवढंच. कोणाच्याही तोंडावर अवलंबून नसलेलं घड्याळ हवं होतं, आणि ते भट्टीत सापडलं. ती म्हणते, वर्गात येण्याआधी पंधरा मिनिटं भट्टीतून मातीचे मग बाहेर काढत होते, नुसत्या हातांनी. भट्टी बंद केली दुपारी बाराला. कच्ची (लेप देण्याआधीची पहिली) भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसची. विटांची मोठी भट्टी साडेसात तासांत हात घालण्याइतकी निवत नाही, आणि घाईने उघडली तर भांडी तडकतात. म्हणजे ती भट्टीपाशी असेलही, पण मातीचे मग काढत नव्हती. साडेसात म्हणून सांगितले तेव्हा खरे ७:५० झाले असतील, तर ७:१० पासून तिच्या हाती चाळीस मिनिटं उरतात.

इथे नेहमीची शंका : हा धागा की लेखिकेची चूक? कसोटी साधी आहे. तीच माहिती दुसऱ्या पात्राच्या तोंडून, दुसऱ्या निमित्ताने आली असेल तर धागा; एकदाच आली असेल तर राखीव. सहाव्या प्रकरणात विद्यार्थी कुरकुरतो, “भट्टी निवायला अख्खी रात्र जाते.” लेखिकेला नक्की माहीत आहे. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथांसाठी मांडलेल्या दहा नियमांत, गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापुढे लगेच ठेवला पाहिजे, असा एक नियम आहे. इथे तो पाळलाय, फक्त कुरकुरीत गुंडाळून.

सामानाबद्दल : ३×५ इंची कार्डं अजूनही स्प्रेडशीटपेक्षा सरस, कारण टेबलावर सरकवता येतात. जेल पेन पातळ कार्डावर मागे उमटतं. २बी पेन्सिल घ्या. ग्रंथालयाच्या पुस्तकाला स्टिकी नोट रात्रभर लावून ठेवू नका.

बेत होता बावीस ते चोवीस पुन्हा वाचायचा. तो रद्द. हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की घड्याळ यादीत लपलं, तर हेतूही एखाद्या यादीतच असणार. म्हणून पहिल्या आठ प्रकरणांतल्या फक्त याद्या चाळायच्या : दुकानाचा हिशेब, पाहुण्यांची नावं, कपाटातलं सामान. दुसरा बळी नेमकं काय पाहून बसला होता, तेही तिथेच असावं.

त्यानंतर पाकीट बंद. आत नाव, पद्धत, हेतू आणि पानांसकट तीन धागे. नुसतं नाव बरोबर आलं तर अर्धेच गुण. कार्ड १४ वरचा फाटका हातमोजा मात्र अजून कुठेच बसत नाही. चकवा म्हणून बाजूला टाकलाय, पण कार्ड फाडलेलं नाही.