दोन गुण

आज राज्यसेवा पूर्व परीक्षेचा निकाल लागला आणि माझी यादीतली जागा दोन गुणांनी हुकली. पहिल्या पेपरात प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा होतो, त्यामुळे एका उत्तराची किंमत अडीच गुण होते, हा हिशोब मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेच्या जिन्यात बसून तीनदा मांडला. मांजरा नदीच्या उगमाच्या प्रश्नात प्रश्नपत्रिकेवर मी आधी बालाघाटावर खूण केली होती, मात्र शेवटच्या पाच मिनिटांत उत्तरपत्रिकेवरचे भलतेच वर्तुळ काळे केले. (मी बीडचा आहे, हे येथे सांगताना संकोच वाटतो.)

संध्याकाळी आबांना फोन केला. मी 'राहिलं' एवढेच म्हणालो. क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "जेवलास का?" आणि मग तुरीला फुलोरा चांगला धरल्याचे सविस्तर सांगितले. त्यानंतर मी मेसमध्ये जाऊन दोन भाकऱ्या व्यवस्थित जेवलो आणि परतताना अभ्यासिकेचे पुढच्या महिन्याचे पैसे भरले. खिडकीजवळची जागा मात्र तोवर गेली होती.