हयातीचा दाखला

१२ नोव्हेंबर, रात्र

सकाळी बाबांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेलं. मशीनवर त्यांचा अंगठा काही उमटेना. सुभेदारसाहेब रांगेत ताठ उभे आणि मी बाकावर बसून मोबाइलवर रोम वाचतेय!

पूर्वी रोमच्या सैन्यात जायचं तर नावावर थोडीतरी मालमत्ता लागायची. ढाल-तलवार ज्याची त्याने आणायची. मोहिमा समुद्रापार वर्षानुवर्षं चालायला लागल्या आणि ते गणित बिघडलं. इ.स.पू. १०७ मध्ये कॉन्सल (वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी) मारियसने उत्तर आफ्रिकेतल्या जुगुर्था राजाविरुद्धच्या युद्धासाठी सरळ कफल्लक लोक भरती केले. शिरगणतीत ज्यांचं नुसतं डोकं मोजत, असे. सगळं श्रेय एकट्या मारियसला देऊ नका, असं हल्लीचे इतिहासकार म्हणतात. मालमत्तेची अट आधीच खाली येत होती, आणि सरकारी खर्चाने कपडे देण्याचा कायदा गायस ग्राकस या लोकनेत्याने इ.स.पू. १२३ मध्येच केला होता. पटतं मला. एका माणसाने एका दिवसात काही बदललं की मला संशयच येतो.

पण मोहीम संपल्यावर हा भूमिहीन शिपाई जाणार कुठे? सिनेट, म्हणजे उमरावांची सभा, जमीन द्यायला नाखूश. मग त्याने सेनापतीच्याच तोंडाकडे बघायचं. इ.स.पू. १०३ मध्ये मारियसच्या सैनिकांना आफ्रिकेत जमिनी देण्याचा कायदा झाला, तोही त्याच्या मित्राने, ट्रिब्यून (सामान्य लोकांचा निवडलेला प्रतिनिधी) सॅटर्नायनसने रेटून.

इ.स.पू. ८८ मध्ये सुल्ला या दुसऱ्या सेनापतीच्या हातची पूर्वेची मोहीम काढून मारियसला दिली. शिपायांना वाटलं, आता लूट दुसऱ्यांच्या घशात जाणार. निरोप घेऊन आलेल्यांना त्यांनी दगडांनी ठेचलं आणि सुल्लामागे थेट रोमवर चालून गेले. स्वतःच्याच शहरावर! वरचे अधिकारी, एक सोडून, सुल्लाला सोडून गेले होते. शिपाई हलले नाहीत. त्यांच्या म्हातारपणाची सोय त्याच्याकडे होती ना.

त्यानंतर नव्वदेक वर्षांनी, इ.स. ६ मध्ये, सम्राट ऑगस्टसने निवृत्त सैनिकांसाठी वेगळा खजिना काढला. वारशावर ५ टक्के, लिलावातल्या विक्रीवर १ टक्का कर. पदरचे १७ कोटी सेस्टर्सही (रोमन नाणी) घातले. श्रीमंतांनी कुरकुर केलीच.

रिक्षात बाबांना विचारलं, "तुमची पेन्शन तुमच्या कर्नलसाहेबांनी खिशातून दिली असती तर?"

"त्यानं?" बाबा म्हणाले. "अगं, कधी चहा पाजला नाही त्यानं."

अंगठा पाचव्या खेपेला उमटला.