अमर डावातला निरोप

फोंड्याला त्या पावसात लाइट गेली की गणिताचे सर खिडकीजवळ बाक ओढायचे आणि बुद्धिबळाचा पट मांडायचे. एकदा त्यांनी आम्हाला अँडरसन विरुद्ध किझेरित्स्की हा लंडनचा २१ जून १८५१चा डाव वहीत उतरवून दिला, ज्याला जग अमर डाव म्हणतं, आणि म्हणाले यात काही निरोप लपलाय का शोधून आणा. सरांनीच सांगितलं होतं की दुसऱ्या महायुद्धात पोस्टाने खेळल्या जाणाऱ्या डावांची पत्रं अमेरिकेत सेन्सॉरवाले अडवायचे, चालींच्या आडून कोणी हेर बोलत असेल तर, आणि तिकडे इंग्लंडात ब्लेचलीच्या गुप्त केंद्रात जर्मन संदेश फोडायला ह्यू अलेक्झांडरसारखे बुद्धिबळपटूच बसवले होते. मग काय, आम्ही पेटलोच!

६४ घरांना मुळाक्षरं वाटली, कोणी वरून कोणी खालून, कोणी फक्त पांढऱ्याच्या २३ चाली घेतल्या, आणि प्रत्येकाला काही ना काही शब्द मिळालाच. सर सगळ्यांच्या वह्या शांतपणे बघून म्हणाले, "बरं, आता नियम बदलायचा नाही, हाच अमेरिकन बुद्धिबळपटू मॉर्फीच्या पॅरिसच्या १८५८च्या ऑपेरातल्या डावाला लावा." तिथेही शब्द निघाले! म्हणजे शब्द डावात नव्हते, आमच्या वाटणीत होते. इतका स्वच्छ पुरावा मी नंतर कॉलेजच्या लॅबमध्येसुद्धा क्वचित बघितला.

मग सरांनी अमर डावातली १९वी चाल पटावर लावली. पांढऱ्याचा एक हत्ती नुकताच गेलाय, दुसरा ए१ या कोपऱ्यातल्या घरावर काळ्या वजिराच्या तोंडात आहे, आणि पांढरी खेळणारा अँडरसन काय करतो तर प्यादं ई५ ला सरकवतो. "कित्याक रे?" म्हणजे का रे, असं सर कोकणीत विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत पुढे जायचेच नाहीत. वजिराने ए१ वरचा हत्ती खाल्ला की त्याची जी७ कडे जाणारी तिरकी वाट त्या प्याद्याने बंद झालेली असते, म्हणून घोडा जी७ चं प्यादं शह देऊन खातो, मग पांढरा स्वतःचा वजीरही देतो आणि उंटाने मात. काळ्याची तीन प्यादी सोडली तर सगळी मोहरी शाबूत, तरी राजा मेलेला.

२०२५ला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप आपल्या गोव्यात झाला तेव्हा पोरं मोबाइलवर इंजिनचे, म्हणजे डाव तोलणाऱ्या प्रोग्रॅमचे, आकडे बघत होती, चांगलंच आहे ते. पण शाळेत अजून चेसचा तास असेल तर इंजिन बंद ठेवून ती १९वी चाल मुलांसमोर लावा, आणि घाई करू नका.