चार वाजून एकोणसाठ मिनिटे

फुकुओकाला पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी काकडी मागितली आणि ती मिळाली नाही. मासे न खाणाऱ्या माणसाला जपानी खाणावळीत भाताबरोबर काकडीचे लोणचे हा मोठा आधार असतो, पण नाकासू भागातल्या त्या लहानशा खाणावळीच्या मालकांनी हसत हात हलवला आणि मोबाइलवरच्या भाषांतरातून सांगितले, “पंधरा तारखेपर्यंत नाही.” काकडी आडवी कापली की तिची चकती कुशिदा देवस्थानातल्या गिओन देवतेच्या चिन्हासारखी दिसते, म्हणून १ ते १५ जुलै या काळात ‘हाकाता गिओन यामाकासा’ या उत्सवात उतरणारे पुरुष काकडीला शिवत नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. मालक त्यांपैकीच एक होते.

शहराचे नाव फुकुओका असले, तरी उत्सव हाकाताचा आहे. नाका नदीच्या एका तीरावर किल्ल्याभोवती वसलेले फुकुओका आणि दुसऱ्या तीरावर व्यापाऱ्यांचे जुने बंदर हाकाता, अशी ही दोन गावे १८८९ मध्ये एका नावाखाली आली. हाकाताकरांनी मात्र आपले नाव रेल्वे स्थानकात आणि या उत्सवात राखून ठेवले आहे. गिओन हे नाव आपल्यालाही परके नाही. श्रावस्तीच्या जेतवन विहाराला जपानी भाषेत ‘गिओन शोजा’ म्हणतात आणि त्याचेच हे संक्षिप्त रूप. क्यूशू बेटावरच्या बंदरात उभे राहून बुद्धाच्या वर्षावासाची आठवण होईल, असे मला निघताना वाटले नव्हते.

१२४१ साली येथे साथ पसरली, तेव्हा शोइची कोकुशी या बौद्ध भिक्षूंनी लोकांनी खांद्यावर उचललेल्या लाकडी चौथऱ्यावर बसून गावभर मंत्रजल शिंपडले आणि तीच या उत्सवाची सुरुवात, अशी येथील परंपरा आहे. त्यामुळे मार्गावर दोन्ही बाजूंनी उडवले जाणारे पाणी ही केवळ उन्हाळ्यातली मौज नव्हे. धावणाऱ्यांची तापलेली अंगे त्याने निवतात, हे खरेच. पण मुळात ते रोग धुऊन काढणारे पाणी आहे.

समुद्राचा वाटाही तितकाच जुना. ९ जुलैच्या संध्याकाळी सगळ्या गटांतील पुरुष हाकोझाकीच्या किनाऱ्यावर धावत जातात आणि शुद्धीकरणासाठी तेथील वाळू घेऊन येतात. मावळतीकडे हात जोडून झाल्यावर माझ्याशेजारच्या वृद्ध गृहस्थांनी पाण्याजवळची ओली वाळू तीन बोटांनी उचलून विणलेल्या लहानशा टोपलीत ठेवली, तीही अशा बेताने की जणू वजन करून घ्यावी.

गटांना येथे ‘नागारे’, म्हणजे प्रवाह, म्हणतात. १५८७ मध्ये जपानचे तेव्हाचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांनी युद्धात उद्ध्वस्त झालेल्या हाकाताची फेरआखणी केली, तिच्यातून ही वस्त्यांची रचना आली. आज असे सात नागारे आहेत आणि प्रत्येकाचा सुमारे एक टन वजनाचा, बाहुल्यांनी सजवलेला डोलारा असतो. त्याला चाके नाहीत. खिळाही नाही, सगळी बांधणी दोरांची. पूर्वी हे डोलारे दहा मीटरहून उंच असत आणि तसेच खांद्यावर फिरत. मेइजी काळात (१८६८–१९१२) रस्त्यांवर विजेच्या तारा आल्या आणि उंच डोलारे जागच्या जागी शोभेला उरले, तर धावण्यासाठी बुटके बांधले जाऊ लागले.

१५ जुलैला पहाटे तीन वाजता मी देवस्थानाबाहेरच्या अरुंद रस्त्यावर जागा धरली. आतल्या बैठकीची तिकिटे मिळण्याची आशा मी आधीच सोडली होती. बरोबर चार वाजून एकोणसाठ मिनिटांनी ढोल वाजला. पाच का नाही, याचे उत्तर लगेच ऐकू आले: वर्षागणिक सर्वांत आधी धावण्याचा मान पाळीने फिरतो आणि ज्या नागारेचा तो मान असतो, त्यांनाच आवारातल्या ध्वजाला वळसा घालून, क्षणभर थांबून हाकाताचे मंगलगीत गाण्याचा अधिकार असतो, त्या गाण्यासाठी हे एक मिनिट जादा. शेकडो पुरुषांचा तो संथ, भरदार स्वर भिंतीपलीकडून आला, थांबला आणि दुसऱ्याच क्षणी “ओइसा! ओइसा!” असा गजर करत डोलारा आमच्या अंगावर आला.

पुढे फलक घेतलेली लहान मुले जीव खाऊन धावत होती. सहा दांड्यांखाली एका वेळी पंचवीस-तीस जणांचे खांदे असतील; लंगोट कसलेली, आखूड अंगरख्यांतली भिजलेली माणसे. वर बसलेले मानकरी लाल दंडुक्याने इशारे देत होते. हा डोलारा सुमारे पाच किलोमीटर धावतो, सगळे अंतर घड्याळावर मोजले जाते आणि त्या आकड्यांची चर्चाही फार होते. मला मात्र वेगापेक्षा खांदेपालट पाहण्यासारखी वाटली. ताज्या दमाचा माणूस बाजूने धावत येतो, दांड्याखाली खांदा सारतो आणि आतला त्याच पावलावर बाहेर पडतो. माझ्यासमोर असा बाहेर पडलेला एक तरुण गुडघ्यांवर हात टेकून चार श्वास घेण्यापुरता थांबला आणि पुन्हा डोलाऱ्यामागे धावला. त्याच्या उजव्या खांद्यावर दांड्याची लाल पट्टी उठली होती. हे टिपण्यासाठी मी मोबाइल उंचावला आणि नेमकी तेव्हाच पलीकडून बादलीभर पाणी आले. त्यामुळे पुढचे सहा डोलारे मी नुसत्या डोळ्यांनी पाहिले.

सात वाजण्याच्या सुमारास एका गल्लीतून परतताना पाहिले, तर डोलारा केव्हाच उतरवला होता. बाहुल्या मोडल्या होत्या आणि दोन प्रौढ गृहस्थ चिंब दोरांच्या गाठी सोडवत बसले होते.

सोळा तारखेला त्याच खाणावळीत गेलो. मालकांचा आवाज पूर्ण बसला होता आणि बसताना ते उजवा खांदा जरा जपत होते. मी काही मागण्याआधीच त्यांनी एक बशी माझ्यापुढे सरकवली. तिच्यात काकडीच्या जाड, आडव्या चकत्या होत्या.